ओळीच्या डाव्या टोकाला

विरारजवळ आमच्या आगाशीत लोक मला अजूनही ‘छापखान्यातल्या बाई’ म्हणतात. छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. माझं काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईआधी प्रुफं वाचून चुका काढण्याचं. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, चर्चची मासिकं, कुणाच्या तरी एकसष्टीची स्मरणिका, जे येईल ते वाचायचं आणि लाल शाईने रंगवायचं. माझे यजमान वाडी बघतात, केळी आणि सोनचाफा. ते म्हणतात, “मी पिकवून खाल्लं, हिनं दुसऱ्यांच्या चुका काढून खाल्लं.”

निवृत्तीनंतर मी जे काम धरलं ते याच्या बरोबर उलट आहे. तिथे चूक दिसली तरी काढायची नसते. होती तशी, जपून उतरवून घ्यायची असते. शेकडो वर्षांपूर्वी हाताने लिहिलेल्या हिब्रू धर्मग्रंथांच्या पोथ्यांची पानं संगणकावर अक्षर न् अक्षर टाइप करायची, हे ते काम. पगार नाही, मानधन नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. आमच्या आळीत मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, “मग घरात एवढी कामं असताना हे कशाला?” तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता येतं. त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

हे काम माझ्याकडे आलं फादर कायतानांमुळे. फादरांनी पुष्कळ वर्षं धर्मगुरू होऊ घातलेल्या मुलांना हिब्रू शिकवलं. त्यांच्या मासिकाची प्रुफं माझ्याकडे यायची, त्यामुळे ओळख जुनी. मी घरी बसले आहे हे कळल्यावर एक दिवस ते स्कूटर घेऊन वाडीत आले आणि ओट्यावर बसता बसता म्हणाले,

“शैलाबाई, तुम्हाला हिब्रू येतं?”

“फादर, मला इंग्रजी येतं तेही जेमतेम.”

“उत्तम. मग तुम्हीच पाहिजे.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते गंभीर होते. म्हणाले, “ज्याला तो ग्रंथ पाठ आहे, तो पानावर काय लिहिलंय ते बघतच नाही. त्याला जे आठवतं तेच तो टाइप करतो. मला स्वतःला हे काम नीट जमत नाही, बाई. माझी जीभ डोळ्यांच्या पुढे पळते. तुम्हाला अर्थ कळणार नाही, म्हणून तुम्ही बघाल.”

आमचे हे वाडीतून हात धुऊन आले होते, ते ऐकत होते. “म्हणजे हिला कळत नाही म्हणून घेताय?”

“अगदी तसंच,” फादर म्हणाले.

“मग घ्या बुवा. एवढ्या वर्षांत हा गुण कुणी ओळखला नव्हता.”

फादरांनी मला ओट्यावर बसवून अक्षरं शिकवली. बावीसच आहेत, आणि उजवीकडून डावीकडे लिहितात. सुरुवातीला मला ती सगळी सारखीच दिसायची, एका कारखान्यातून निघालेल्या खिळ्यांसारखी. मग हळूहळू चेहरे ओळखीचे झाले. त्यांच्यात एक दालेत आहे आणि एक रेश. दोघांत फरक एवढाच की, दालेतचा वरचा कोपरा टोकदार असतो आणि रेशचा गोल. लिहिणाऱ्याचा बोरू जरा बोथट झाला असला की, टोकदार कुठला आणि गोल कुठला, देव जाणे. पण ज्या बाईने आयुष्यभर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे काढले, तिला हे नवं नव्हतं. अक्षरं आल्यावर फादरांनी थोडं व्याकरण शिकवलं, काही शब्द शिकवले, आणि मग म्हणाले, “बास. आणखी शिकवलं तर बिघडाल.”

आता काम म्हणजे काय, ते सांगते. छपाई येण्याआधी ग्रंथाची प्रत हवी असेल तर ती कुणीतरी हातानेच काढायचा. प्रत काढताना माणूस चुकतो. त्या प्रतीवरून पुढचा प्रत काढतो, तो पहिल्याच्या चुका उचलतो आणि वर आपल्या चार घालतो. शेकडो प्रती, शेकडो हात. त्या सगळ्या शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितल्या, तर कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून आली, कुठला शब्द जुना आणि कुठला मागाहून शिरला, हे अभ्यासकांना सांगता येतं. हे ताडण्याचं काम संगणक चटकन करतो, पण त्याला आधी मजकूर तर मिळायला हवा. फोटोवरून जुनी अक्षरं वाचायला यंत्रं शिकताहेत, पण डागाळलेल्या, विटक्या पानावर अजून ती गोंधळतात. म्हणून जगभरातून आमच्यासारखी माणसं जमवली आहेत. प्रत्येक पान दोघांना देतात, एकमेकांना न सांगता. दोघांचं टाइप झालं की जिथे फरक पडतो ती जागा तिसऱ्या माणसाकडे जाते, आणि खरं काय आहे ते तो ठरवतो.

आमच्या गटातला हा तिसरा माणूस म्हणजे लियाबाई.

माझं पहिलं पान मी मोठ्या उत्साहाने पाठवलं. त्यात लिहिणाऱ्याने एक शब्द दोनदा लिहिला होता. मी मुद्रितशोधक, हात शिवशिवले, मी एक काढून टाकला. चार दिवसांनी त्यावर शेरा आला. इंग्रजी अक्षरांत, पण वाचते तो मराठी! लिहिलं होतं, “बाई, चूक त्याची होती. ती तुम्ही खाल्लीत. परत द्या.”

मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग भीत भीत विचारलं, “आपण मराठी?” त्यावर थेट फोनच आला.

“मी लिया. अलिबागकडची यहुदी. आमचा बा घाण्यावर तेल काढायचा, शनिवारी घाणा बंद. पोरगी होते तेव्हा आलो इकडे, इस्रायलला. तू आगाशीची ना? आगाशीला केळी सुकवून सुकेळी करतात अजून?”

“करतात की. पण आता करणारी घरं कमी राहिली.”

“आणि गासलेट मिळतं का?”

मला हसू आलं. तिचं मराठी ती बोटीत बसली त्या दिवशी जसं होतं तसंच राहिलं होतं. ती रॉकेलला गासलेट म्हणते, विजेला बिजली आणि गाडीला मोटार. घरात आता तिच्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नाही, तिचा नवरा गेल्यापासून. मग ते सगळं साठलेलं मराठी माझ्या वाट्याला आलं. वयाने ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, त्यामुळे दुसऱ्याच फोनला ‘बाई’ची ‘शैला’ झाले आणि मी तिला लियाताई म्हणायला लागले.

कामात मात्र ती कडक. “शैला, तू पंतोजी नाहीस, तू साक्षीदार आहेस. साक्षीदाराने जे बघितलं ते सांगावं.” हे वाक्य मी कधी विसरले नाही. छापखान्यात असताना माझ्या डोक्यावर कायम एक धाक असायचा, की माझ्या हातून सुटलं तर ते छापलं जाणार, आणि छापून गेलेलं परत येत नाही. इथे तो धाक जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. उलट वाढला. छापखान्यात चूक सुटली तर पत्रिकेत कुणाच्या तरी आजोबांचं नाव चुकायचं. इथे माझ्या हातून एखादं अक्षर सुटलं, तर मेलेल्या माणसाची साक्ष मी फिरवली असं झालं असतं.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे हे मेलेले लेखनिक. त्यांची नावं बहुधा माहीत नसतात, म्हणून मी आणि लियाताईने ठेवली. एक होते डुलकीवाले. एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळी आल्या की त्यांची नजर हमखास वरच्यावरून खालच्यावर उडी मारायची आणि मधला मजकूर गायब व्हायचा. नंतर कधीतरी स्वतःच्या लक्षात आलं, की मग ते तो मजकूर समासात उभा, बारीक अक्षरात कोंबून लिहायचे. तसं एक पान मी पडदा आडवा करता येईना म्हणून स्वतः मान वाकडी करून टाइप केलं आणि दोन दिवस मानेला शेक घेतला. तरी डुलकीवाल्यांचा राग नाही आला. लाज वाटून का होईना, त्यांनी भर घातली होती. समासात काही न लिहिता पुढे गेले असते, तर कुणाला कळलं असतं?

आणि एक होते शेपटीवाले. त्यांचं अक्षर मी बघितलेल्या सगळ्यांत देखणं. सगळ्या ओळी डाव्या कडेला एका रेषेत संपल्या पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. ओळीच्या शेवटी थोडी जागा उरली आणि पुढचा शब्द तिच्यात मावत नसला, तर ते त्या शब्दाची पहिली एक-दोन अक्षरं तिथे लिहून जागा भरायचे आणि मग नव्या ओळीत तोच शब्द पहिल्यापासून पूर्ण लिहायचे. हिब्रू लेखनिकांत ही पद्धत होतीच. ही भरतीची अक्षरं वाचायची नसतात, पण आम्हाला ती नोंदवावी लागतात, कारण कधीकधी त्यांवरूनच प्रत कुणाच्या हातची ते ओळखता येतं. आम्ही त्यांना शेपट्या म्हणायचो. शेपटीवाल्यांची आख्खी पोथी माझ्याकडे आली आणि मी महिनोन् महिने त्यांच्यात रमले.

मग एकदा लियाताईचा संदेश आला. “शेपटीवाल्यांनी शेपट्या सोडल्या की काय?”

मला गंमत वाटली. मी उत्तर दिलं, “शिस्त लागली असेल.”

थोड्या दिवसांनी पुन्हा. या वेळी गंमत नव्हती. “शैला, तुझ्या पानांवर ओळींच्या शेवटची अक्षरं सुटताहेत. एखाद-दुसरं नाही, पुष्कळ. जरा सावकाश कर.”

मी सावकाश केलं. एका पानाला पूर्वी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ घेतला. तरी शेरा तोच. मग तिने लिहिलं की वरच्या मंडळींशी बोलणं झालं आहे, आणि काही दिवस तुला नवीन पानं नकोत.

मला फार लागलं ते. केस पांढरे केले मी प्रुफं वाचून, आणि ही मला सांगते अक्षरं सुटतात? मी पानं पुन्हा उघडून बघितली. मला एकही अक्षर सुटलेलं दिसेना. मी तिला लिहिलं, “मी जे बघितलं ते सांगितलं. साक्षीदार खोटा वाटत असेल तर दुसरा बघा.” आणि संगणकावर कापड टाकून वाडीत फुलं खुडायला जाऊ लागले. फोन आला तरी उचलेना. फादरांनी चौकशी केली, त्यांनाही मी, “कंटाळा आला,” म्हणून सांगितलं.

त्याच दिवसांतली गोष्ट. अर्नाळ्याहून एक कोळीणबाई आमच्या आळीत मासे घेऊन येते. तिने फाटकाबाहेर टोपली उतरून ठेवली होती आणि ती पदर सारखा करत होती. मी बाहेर पडले ती सरळ टोपलीवर. बोंबील रस्ताभर.

“अगो बाय, टोपली नाय दिसली तुला? एवरी मोठी टोपली!”

मी खाली बसून बोंबील गोळा करू लागले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आवाज खाली आणून म्हणाली, “डोल्यांना काय झाला गो? मागच्या खेपेला पन त्या खांबाला आपटलीस. मी बघितला.”

खांबाला आपटले होते, खरं होतं. दाराच्या चौकटीलाही डावा खांदा लागायचा. घरातल्या घरात निळे डाग पडायचे दंडावर. मी म्हणायचे, वय झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लियाताईने ह्यांच्या फोनवर फोन केला. हे वाडीतून फोन घेऊन आले आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, “ती बाई तिकडून पैसे मोडून... बरं, पैसे नाही मोडत म्हणा, पण एवढ्या लांबून करतेय. बोल.”

“शैला, रागाव, पण आधी माझं ऐक,” ती म्हणाली. “शेपटीवाल्यांचं पान उघड. मीही तेच उघडलंय. तिसरी ओळ.”

कापड काढून मी पान उघडलं.

“शेवटचा शब्द सांग.”

सांगितला.

“त्याच्यापुढे डावीकडे काय आहे?”

“कोरं आहे.”

“नीट बघितलंस?”

“लियाताई, कोरं आहे. मी आंधळी नाही.”

“आता एक कर. नुसते डोळे नको फिरवू. आख्खी मान डावीकडे वळव, पडद्याच्या कडेकडे बघ, आणि मग सांग.”

मी मान वळवली. तिथे दोन अक्षरं होती. काळीभोर, देखणी, शेपटीवाल्यांच्या ठसठशीत हातची. जणू नुकतीच कुणी तिथे आणून ठेवली होती. मी मान सरळ केली. गेली. परत वळवली. आली.

“आहेत. दोन अक्षरं,” मी म्हटलं. मग ती म्हणाली, “शैला, मी तुझी सगळी पानं काढून बसले होते. मधली एक चूक नाही. दालेत-रेश बरोबर, टिंबं बरोबर. फक्त डावं टोक. रोज जरा जरा आत सरकत आलंय. माणूस बेफिकीर झाला तर सगळीकडे चुकतो गं. एकाच बाजूला नाही चुकत. हे कामाचं नाही. हे डोळ्यांचं आहे. आजच जा.”

हे दारात उभे होते. जवळच चंदनसारला मुलगा राहतो, त्याला त्यांनी फोन करून गाडी घेऊन बोलावलं.

विरारच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे आमचं नेहमीचं जाणं. माझा उजवा डोळा जन्मापासून मंद, सगळा कारभार डाव्याचा, हे त्यांना माहीत. त्यांनी तपासलं, म्हणाल्या, “मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण फार नाही.” मी म्हटलं, “डॉक्टर, माझी ओळींची डावी टोकं जातात. फक्त डावी.” आणि लियाताई जे बोलली ते सांगितलं. त्यांनी हातातला दिवा बंद केला. समोर स्टूल घेऊन बसल्या, माझा उजवा डोळा झाकला आणि म्हणाल्या, “माझ्या नाकाकडे बघत राहा. नजर हलवायची नाही. बोट दिसलं की सांगा.”

मी त्यांच्या नाकाकडे बघत राहिले. बोट कधी दिसतंय याची वाट बघत राहिले.

“दिसलं?”

“अजून नाही.”

“आता?”

“नाही.”

बाजूच्या खुर्चीवर हे बसले होते. त्यांना ते बोट पहिल्यापासून दिसत होतं, मला न दिसणारं ते हलतं बोट. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. तेवढ्यावरून मला समजलं.

“आता?”

“हो, आता.” बोट तोवर जवळजवळ डॉक्टरबाईंच्या नाकाजवळ आलं होतं.

त्याच दिवशी यंत्रावरची तपासणी झाली, मग डोक्याचा फोटो काढायला सांगितलं. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की, दोष डोळ्यात नाही, डोळ्यामागे आहे. मेंदूच्या तळाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर डोळ्यांच्या शिरा असतात. तिथे काही वाढलं तर ते शिरांना दाबतं आणि बाहेरच्या कडेची नजर आधी जाते. इतकी हळू जाते की माणसाला कळत नाही. “तुम्हाला कळलं कसं, हेच नवल,” त्या म्हणाल्या.

“मला नाही कळलं,” मी म्हटलं. “तिला कळलं.”

फोटोचा निकाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले, ते लिहीत नाही. मी स्वयंपाक केला, फुलं खुडली, मंदिरातल्या दुकानवाल्याशी फुलांच्या भावावरून नेहमीसारखी घासाघीस केली. फादर आले, ओट्यावर बसले, प्रार्थना वगैरे काही म्हणाले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, “तुम्हाला मी कामाला लावलं.” मी म्हटलं, “फादर, लावलंत म्हणून तर.” वाक्य पुरं करायची दोघांनाही गरज नव्हती.

आणि त्या दिवसांत माझ्या मनात काय यायचं, हे सांगितलं तर हसाल. मरणाचं यायचंच. पण त्याहून जास्त यायचं ते पानांचं. लियाताई म्हणाली होती, डावं टोक रोज जरा जरा आत सरकत आलंय. म्हणजे कधीपासून? किती पानं? किती शेपट्या मी पुसून टाकल्या? ज्या माणसाने एवढ्या हौसेने ओळी भरून काढल्या, त्याच्या पोथीला माझ्यामुळे उघड्या कडा पडल्या, आणि ते तसंच जगभर जाणार. छापून गेलं की गेलं.

निकाल आला. गाठ होती. मुंबईच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावून बघितला आणि पहिलं वाक्य जे बोलले, त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. बाकीचे आधी प्रस्तावना करतात. ते म्हणाले, “ही कर्करोगाची नाही, ही निघते.” मग बाकीचं सांगितलं. डोकं उघडायचं नाही, नाकावाटे जाऊन काढतात. नजर परत येण्याची शक्यता चांगली, कारण शिरा दबल्या आहेत, मेलेल्या नाहीत. आणखी वर्षभर तशीच राहिली असती तर हे सांगता आलं नसतं.

मुलाने बाहेर येऊन भिंतीला टेकून तोंडावर रुमाल धरला. ह्यांनी मला विचारलं, “चहा घेऊ या?” आम्ही त्या कँटीनचा पाणचट चहा घेतला. इतका चांगला चहा मी प्यायले नाही कधी.

शस्त्रक्रियेनंतर मला जाग आली तेव्हा नाकात बोळे, घसा कोरडा, डोकं जड. छताकडे बघत पडले होते. मान हलवायची नाही असं बजावलं होतं, म्हणून हलवली नाही. आणि मग लक्षात आलं की पलंगाच्या डाव्या बाजूला खुर्ची आहे आणि खुर्चीवर हे बसलेत, चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्र, पण वाचत नाहीत. मान न वळवता मला ते दिसत होते. सगळे. चपलांसकट.

मी म्हटलं, “तुम्ही डावीकडे बसलात.”

ते दचकले. मग म्हणाले, “काल तू दाखल झालीस तेव्हापासून मी इथेच बसलोय.”

नजर सगळी एकदम आली नाही. काही महिने लागले. वरच्या डाव्या कोपऱ्यात अजून थोडा धूसरपणा आहे, तो राहणार. त्याने काही अडत नाही. चौकटींना खांदा लागत नाही, दंडावर डाग नाहीत, आणि कोळीणबाई फाटकाशी टोपली ठेवताना मला हाक मारून आधी दाखवते, “ही बघ, हितं ठेवली!” तिची ती थट्टा मी आनंदाने सोसते.

पानांचं मात्र मी लियाताईला विचारायचं टाळत होते. शेवटी तिनेच विषय काढला.

“शैला, तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी बसून सगळी पानं काढली. तुझं जिथून बिघडायला लागलं तिथपासून सगळी.”

“किती वाया गेली?”

“तुझी गेली. पोथीची नाही.”

मला कळेना.

“अगं, प्रत्येक पान दोघं करतात ना? तुझ्या जोडीला जो आहे, त्याने एक शेपटी सोडलेली नाही. तो कुठल्या देशाचा, कोण, मलाही नाव माहीत नाही, नुसता आकडा आहे. पण पठ्ठ्याने सगळ्या धरल्या. म्हणून तर फरक पडला, म्हणून माझ्याकडे आलं, म्हणून मी बघितलं. चुकीचं एक अक्षर बाहेर गेलेलं नाही.”

मी ओट्याच्या पायरीवर बसले. डॉक्टरांनी ‘ही निघते’ म्हटलं तेव्हा सुटला होता त्याहून मोठा श्वास सुटला म्हटलं तर घरचे रागावतील, पण तसं झालं खरं. छापखान्यात मी एकटीच होते. माझ्यानंतर छपाईयंत्र. त्या एकटेपणाची मला इतकी सवय झाली होती की, दोघांना काम देतात यामागे आपल्यावर अविश्वास आहे, असंच मी धरून चालले होते. आता कळलं की ज्याने कुणी हे आखलं, त्याने माणूस कधीतरी पडणार हे आधीच धरलं होतं आणि पडला तर काय, याची सोय केली होती. माणसाला मुभा होती पडायची. हे मला कामावर असताना कुणी सांगितलं असतं, तर माझी किती झोप वाचली असती.

खंत आहे ती एवढीच, की ती पानं माझी म्हणून राहिली नाहीत. शेपटीवाल्यांची पोथी पुरी झाली, तिच्या मधल्या भागावर आता दुसऱ्या कुणाचा आकडा आहे. आणि दुसरी, की इतके महिने त्यांच्या अक्षरांत घालवून मला त्यांचा ग्रंथ नीट वाचता येत नाही. हल्ली फादर कायतान आठवड्यातून एकदा येतात आणि मी टाइप केलेल्या पानाचा अर्थ सांगतात. पान पाठवून झाल्यावर, आधी नाही. त्यांचा नियम ते मोडत नाहीत.

डॉक्टरांनी संगणकाची परवानगी दिली तेव्हा लियाताईने मला नवीन पान पाठवलं. नवीन पोथी, नवीन लेखनिक, अक्षर कोंबडीच्या पायाचं. मी ते पान सगळं पहिल्यापासून दोनदा तपासलं, डावं टोक तर बोट लावून लावून बघितलं, आणि पाठवलं. मग चार दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दोघांच्या पानांतला फरक लावून ती मला कळवणार होती.

सकाळी संदेश आला. हे वाडीत पाणी सोडून नुकतेच चहाला बसले होते.

“शैला, शेपट्या सगळ्या बरोबर. डावी कड चोख. पण सातव्या ओळीत, मधोमध, तू एक अक्षर दोनदा टाइप केलंस. त्याने एकदाच लिहिलंय. ही डोळ्यांची चूक नाही, बये. ही नुसती घाई आहे. अभिनंदन.”

मी सातवी ओळ उघडली. चूक होती. सरळ, साधी, ओळीच्या बरोबर मध्यावर, कुणाच्याही हातून व्हावी तशी. मला हसू आवरेना.

ह्यांनी बशी खाली ठेवली. “काय झालं?”

“चुकले,” मी म्हटलं.

“चुकलीस आणि हसतेस?”

“मधोमध चुकले हो,” मी म्हटलं, आणि ते अक्षर खोडून टाकलं.